मनू, बटर चिकन आपलं नाही गं

प्रिय मनू,

परवा तू मेसेजमध्ये विचारलंस, की आई, आपण मलेशियात पेनांगला गेलो तेव्हा मी आणि बाबा इंडियन रेस्टॉरंट शोधत होतो आणि तू मात्र मार्केटात शिरून दर दोन मिनिटांनी "हे तर आपल्याकडचंच" म्हणत होतीस, हे सगळे मराठी लोक करतात की फक्त तूच? फोनवर सांगायला लागले तर "हो गं आई" करून ठेवून देशील, म्हणून लिहिते.

सगळे मराठी लोक काय करतात माहितीये? बॅगेत चिवडा, मेतकूट, तिखटमिठाच्या पुऱ्या कोंबतात आणि पोचल्या पोचल्या चहा शोधतात. ते मीही करते. पण जर्मनीत काय नि मलेशियात काय, इंडियन पाटी दिसली की आत बटर चिकन, नान, पालक पनीर. चांगलं लागतं, नाही कशाला म्हणू, पण मालवणला माझ्या माहेरी ह्यातलं काही कधी चुलीवर चढलं नाही. आजीने नान पहिल्यांदा कुणाच्या तरी लग्नाच्या बुफेत बघितला. मग ते घरचं कसं?

आता तो चौरस्ता मार्केट आठव. तिथे एका टोपलीत तपकिरी वाळलेल्या चकत्या होत्या आणि मी त्या हुंगत बसले म्हणून तू लाजून लांब जाऊन उभी राहिलीस. त्याला तिकडे आसाम केपिंग म्हणतात (आसाम म्हणजे त्यांच्या भाषेत आंबट), आणि ते झाड आपल्या कोकमाचं सख्खं भावंड आहे, दोन्ही गार्सिनिया जातीची. दुपारी आपण आसाम लाक्सा, म्हणजे आंबट रश्शातल्या नूडल्स, खाल्ला ना, त्याच्या रश्शात चिंचेबरोबर बहुतेक ठिकाणी त्याच चकत्या पडतात आणि मासा असतो केंबुंग, म्हणजे बांगडा! बांगडा नि आंबट, अजून काय पाहिजे. वर पुदिना नि अननस घालतात ते मला झेपलं नाही, आजीने बघितलं असतं तर वाटी सरकवून दिली असती. पण पहिल्या घोटाला तिच्या बांगड्याच्या तिखल्याची आठवण आली, फक्त तिरफळं नव्हती. तू नूडल्स खाऊन रस्सा ठेवलास, तो मीच संपवला.

अगं, दोन्हीकडे समुद्र, माड, भातशेती नि धो धो पाऊस. हाताशी तेच असेल तर जेवण किती वेगळं होणार? मिरची तर ना त्यांची ना आपली, मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती पूर्वेकडे पसरली, आणि त्यांनी गोवा घेतला १५१० ला आणि लगेच १५११ ला मलेशियातलं मेलाका बंदर, माणूसही तोच, त्यांचा गव्हर्नर अल्बुकर्क.

आणि ते हिरवे गोळे, ओंदे-ओंदे, तू सहा खाल्लेस! बाहेर ओलं खोबरं, आत माडाचा गूळ, चावला की गरम पाक उडतो. तुझ्या टीशर्टवर अजून डाग आहे. खोबरं, गूळ, तांदळाचं पीठ, म्हणजे उकडीचा मोदक उलटा घातलेला, खोबरं आतलं बाहेर गेलं एवढंच. त्यांचं पीठ मात्र चिकट तांदळाचं असतं, त्यामुळे दाताला लागतं. आपल्या मोदकाला ते चालणार नाही.

तुला ती परतदार पोळी, रोटी चनाय, आवडली, तीही मस्तच, पण ती तिकडच्या तमिळ मुस्लिम लोकांची, त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

तर घरचं खायचं तर मोदकच करून बघ. हॉस्टेलजवळ व्हिएतनामी दुकान आहे म्हणालीस ना, फ्रीझरमध्ये किसलेलं ओलं खोबरं बघ, पाम शुगर घे, डब्यातली मऊ नको, वडी घे. तांदळाच्या पिठाच्या पाकिटावर ग्लुटिनस लिहिलं असेल तर ठेवून दे, साधं घे. साबुदाण्याच्या नादी लागू नकोस, त्या दुकानांतला भिजवला की बरेचदा लगदा होतो. सामान आलं की रविवारी व्हिडिओ कॉल कर, उकड कशी काढायची ते दाखवते, आणि मोठं पातेलं नसेल तर आधी कुणाकडून मागून ठेव.

आई