नोकरी, ओळखी आणि लिंक्डइन : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात आणि ई-मेलमध्ये लिंक्डइन या नोकरी आणि व्यावसायिक ओळखींच्या साइटबद्दलची पत्रं सर्वांत जास्त होती. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं देत आहोत.

बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली. लोअर परळला एका सीए फर्ममध्ये अकाउंट्सचं काम करतो. लिंक्डइनवर वर्षभरात दोनशेच्या वर अर्ज केले, एकालाही उत्तर नाही. या साइटचा खरंच काही उपयोग होतो का?
— वाचक, भांडुप

होतो, आणि चांगला होतो. पण तुम्ही तिचा सर्वांत कमी फळ देणारा भाग धरून बसला आहात. साइटवरूनच झटपट अर्ज पाठवणारं ‘ईझी अप्लाय’चं बटण दाबायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून सगळेच ते दाबतात. मुंबईतल्या अकाउंट्सच्या एका जागेवर बघता बघता शेकडो अर्ज पडतात आणि मुलाखतीपुरते उमेदवार मिळाले की एचआर पुढचे अर्ज उघडतही नाही. अर्ज करायचेच तर ‘गेल्या 24 तासांतल्या’ जाहिरातींची चाळणी लावून सकाळीच करा. आठवडा उलटलेल्या जाहिरातीवर वेळ घालवू नका.

खरा फायदा उलट बाजूने मिळतो. कंपन्यांचे आणि कन्सल्टन्सीचे भरती करणारे लोक स्वतः उमेदवार शोधत असतात. ते पदाचं नाव, कौशल्यं आणि ठिकाण टाकतात, आणि ज्याच्या प्रोफाइलमध्ये ते शब्द असतील तो वर येतो. तुम्ही पाठवलेल्या प्रोफाइलच्या हेडलाइनमध्ये, म्हणजे नावाखालच्या ओळीत, ‘बी.कॉम. पदवीधर, संधीच्या शोधात’ असं आहे. ‘संधीच्या शोधात’ हे शब्द कोणीही शोधत नाही. हेडलाइनला 220 अक्षरं मिळतात, ती कामाला लावा : अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, जीएसटी रिटर्न, टीडीएस, टॅली प्राइम, बँक रिकन्सिलिएशन. प्रोफाइल इंग्रजीत ठेवा, कारण शोध इंग्रजीतच घेतला जातो. साइट मराठीतही वापरता येते. बटणं आणि सूचना मराठीत हव्या असतील तर खुशाल भाषा बदला, तुम्ही लिहिलेला मजकूर तसाच राहतो.

स्वतःबद्दल लिहायच्या ‘अबाउट’ विभागात 2,600 अक्षरं बसतात, पण मोबाइलवर आधी दोन-तीनच ओळी दिसतात. तिथे ‘मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर’ लिहून जागा वाया घालवू नका. तुम्ही नेमकं काय करता ते लिहा : किती क्लायंटची पुस्तकं सांभाळता, दर महिन्याला 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) आणि 20 पर्यंत जीएसटीआर-3बी (महिन्याचं एकत्रित रिटर्न) भरता का, खरेदीच्या नोंदी जीएसटीआर-2बीशी (पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून बनणाऱ्या तक्त्याशी) जुळवून फरक निघाला तर पुरवठादाराकडे पाठपुरावा कोण करतं. हे वाचून अकाउंट्सच्या मॅनेजरला लगेच कळतं की या मुलाला पहिल्या दिवसापासून कामाला बसवता येईल.

आणखी एक साधी गोष्ट, जी बऱ्याच जणांची राहून जाते. प्रोफाइलवरचं ठिकाण तपासा. खातं गावी असताना उघडलं असेल तर तिथे अजून सातारा किंवा रत्नागिरी असतं आणि मुंबईपुरत्या घेतलेल्या शोधात तुम्ही येतच नाही. तिथे मुंबई महानगर प्रदेश निवडा.

माझ्या घरात कोणीच कॉर्पोरेटमध्ये नाही, वडील बेस्टमध्ये होते. अनोळखी माणसाला लिंक्डइनवर मेसेज करायला संकोच वाटतो. काय लिहायचं?
— वाचक, परळ

नोकरीची खबर बहुतेक वेळा जवळच्या माणसाकडून येत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोवेटर यांनी 1973 मध्येच हे मांडलं होतं : जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, नवी बातमी जेमतेम ओळखीच्या माणसाकडून कळते. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर झालेल्या आणि 2022 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासातही नोकरी बदलायला अशाच विरळ ओळखींचा जास्त उपयोग झाल्याचं दिसलं. त्यामुळे घरात कॉर्पोरेटमधलं कोणी नाही याची खंत नको. ती उणीव भरून काढण्यासाठीच ही साइट वापरायची आहे.

सुरुवात कॉलेजपासून करा. साइटवर तुमच्या कॉलेजचं पान शोधा आणि त्यातला माजी विद्यार्थ्यांचा विभाग उघडा. तिथे कोण कुठे राहतं, कोणत्या कंपनीत आहे, कोणत्या प्रकारचं काम करतं, अशा चाळण्या लावता येतात. इथे मुंबईकरांची एक अडचण होते. रुपारेल, रुईया, साठ्ये अशा कॉलेजांतून शिकलेले अनेक जण शिक्षणाच्या रकान्यात कॉलेजऐवजी मुंबई विद्यापीठ लिहितात. म्हणून दोन्ही पानं चाळा. तुमच्यापेक्षा तीन ते आठ वर्षं पुढे असलेली माणसं निवडा. वीस वर्षं पुढे गेलेल्यांना तुमच्या पातळीवरच्या जागांची माहिती क्वचितच असते.

फुकट खात्यावर ओळख जोडण्याच्या (कनेक्ट) मोजक्याच विनंत्यांसोबत महिन्याला चिठ्ठी जोडता येते आणि तीही 200 अक्षरांची. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटीही संगणक वेगळी मोजतो, त्यामुळे मराठी मजकूर दीड-दोन ओळींतच भरतो. समजा, समोरचा माणूस औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीतून (क्यूसी) सरकारी मंजुऱ्यांच्या कामात (रेग्युलेटरी) गेला आहे, तर असं लिहिता येईल :

‘नमस्कार सर, मी रुपारेलची 2023ची बी.एस्सी. तुम्ही क्यूसीमधून रेग्युलेटरीत गेलात. त्यासाठी कोणता कोर्स उपयोगी पडला, सांगाल का?’

यात नोकरी मागितलेली नाही, हे मुद्दाम. ‘सर, प्लीज एखादा जॉब असेल तर सांगा’ या मेसेजला माणूस काय उत्तर देणार? त्याच्या हातात जागा नसते, मग तो गप्प बसतो. नेमक्या प्रश्नाला मात्र चार ओळींचं उत्तर सहज देता येतं. उत्तर आलं की आभार माना, सांगितलेली एखादी गोष्ट करा आणि महिन्याभराने ते कळवा. पुढे त्यांच्या कंपनीत जागा निघाली तर ‘माझा रेझ्युमे एचआरला पाठवाल का?’ हे विचारायला तेव्हा संकोच वाटणार नाही. बऱ्याच कंपन्यांत कर्मचाऱ्याच्या शिफारशीने आलेला रेझ्युमे आधी वाचला जातो.

चिठ्ठ्यांची मर्यादा संपली तर नुसती विनंती पाठवा आणि ती स्वीकारली गेली की मेसेज करा. तिथे 200 अक्षरांची अट नाही. उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण द्या, त्यानंतर सोडून द्या.

महापे एमआयडीसीत प्रॉडक्शनला आहे, वय 46. नोकरी बदलायची आहे, पण साहेबांना कळलं तर पंचाईत.
— वाचक, मुलुंड

नोकरी हवी असल्याचं सांगणाऱ्या ‘ओपन टू वर्क’ या खुणेचे दोन प्रकार आहेत. फोटोभोवती हिरवी पट्टी येते ती सगळ्यांना दिसते. ती लावू नका. ‘फक्त रिक्रूटर’, म्हणजे फक्त भरती करणाऱ्यांना दिसणारा, पर्याय निवडा. तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून हे लपवायचा प्रयत्न साइट करते, मात्र पूर्ण हमी देत नाही. तुमच्या कंपनीसाठी माणसं शोधणाऱ्या बाहेरच्या कन्सल्टंटला ते दिसू शकतं, हे धरूनच चाला.

बहुतेकांचं बिंग फुटतं ते वेगळ्याच कारणाने. वर्षानुवर्षं निपचित पडलेलं प्रोफाइल एका रविवारी पूर्ण बदललं की त्याची सूचना सहकाऱ्यांना जाऊ शकते. म्हणून आधी सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवण्याचा पर्याय बंद करा, मग लिहायला बसा. बदलही एका दमात न करता दोन-तीन आठवड्यांत करा. दुसऱ्या कंपन्यांतल्या लोकांची प्रोफाइल पाहताना प्रायव्हेट मोड लावता येतो, म्हणजे त्यांना तुमचं नाव दिसत नाही. फुकट खात्यावर मात्र तो चालू असेपर्यंत तुमचं प्रोफाइल कोणी पाहिलं हेही तुम्हाला दिसत नाही.

मुलांसाठी सात वर्षं घरी होते. ही वर्षं कशी दाखवू? आणि लिंक्डइनचं पैसे भरून मिळणारं प्रीमियम खातं घ्यावं का?
— वाचक, बोरिवली

लपवू नका. 2022 पासून अनुभवाच्या विभागात ‘करिअर ब्रेक’ अशी नोंद करता येते आणि मुलांचं संगोपन हे कारणही निवडता येतं. त्याखाली या काळात केलेला कोर्स, सोसायटीचे हिशेब, शिकवण्या, जे खरं असेल ते दोन ओळींत लिहा. रिकाम्या जागेवरून लोक तर्क करतात, स्पष्ट नोंद असली की तो विषय तिथेच संपतो.

प्रीमियमचे पैसे एवढ्यात भरू नका. वर सांगितलेलं सगळं फुकट खात्यावर होतं. महिन्याभराची फुकट चाचणी घेतलीत तर कार्डाची माहिती द्यावी लागते. महिना संपायच्या किमान एक दिवस आधी ती रद्द करा, नाहीतर पैसे आपोआप कापले जातात.

लिंक्डइनवरून एका एचआरने संपर्क केला. मुलाखत न घेता ऑफर लेटर दिलं आणि लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून 8,500 रुपये मागत आहेत. भरू का?
— वाचक, विक्रोळी

अजिबात भरू नका. नोकरी देणारी नीट कंपनी उमेदवाराकडून डिपॉझिट, नोंदणी किंवा ट्रेनिंगचे पैसे घेत नाही. त्या व्यक्तीच्या प्रोफाइलवर ‘या प्रोफाइलबद्दल’ हा पर्याय उघडा. खातं कधी उघडलं ते तिथे दिसतं. बारा वर्षांचा अनुभव सांगणाऱ्या एचआरचं खातं दोन महिन्यांपूर्वीचं निघालं, किंवा पत्र कंपनीच्या डोमेनवरून न येता जीमेलवरून आलं, किंवा बोलणं लगेच टेलिग्रामवर नेलं, तर यातली एक खूणही थांबायला पुरेशी आहे. कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून फोन करा, त्यांनी दिलेल्या नंबरवर नको.

पैसे आधीच गेले असतील तर आजच, आत्ताच 1930 या हेल्पलाइनवर कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराची ओळख पटवणारा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यात वळवली जाण्याआधी तक्रार पोचली तर ती गोठवता येते. चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन झाल्यावरच ते प्रोफाइल रिपोर्ट करा.