परतीचे दोर कोणी कापले?

प्रश्न : मुलीने नोकरीचा राजीनामा देऊन गावी शेती करायचं ठरवलं. रागाच्या भरात मी म्हणालो, "परतीचे दोर कापलेस!" ती म्हणाली, "कुठले दोर, बाबा?" मला सांगता येईना. हा वाक्प्रचार सिंहगडाच्या लढाईतूनच आला का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : हो, हे दोर सिंहगडाचेच, तेव्हाच्या कोंढाण्याचे. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री तानाजी मालुसरे मावळ्यांसह कडा चढून गेले. मुघलांचा किल्लेदार उदेभान याच्याशी लढताना ते पडले, मावळ्यांचा धीर सुटला. माघारी पळणाऱ्यांना तानाजींचे भाऊ सूर्याजी यांनी अडवलं आणि 'दोर कापून टाकलेत' असं सांगितलं, अशी कथा आपण ऐकत आलो.

मी तिला 'कथा' म्हणते, कारण राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या सभासद बखरीत सूर्याजींनी हिंमत धरून लोकांना सावरल्याचं आहे, दोर कापल्याचं नाही. ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफच्या १८२६च्या मराठ्यांच्या इतिहासात मात्र सूर्याजी मावळ्यांना दोर उरले नसल्याचं सांगतात. वाक्प्रचार रुजला तो याच प्रसंगावर.

'दोर' हा शब्दही नीट बघा. दोरी नव्हे, दोर. माझे आजोबा उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायला दोरावरून खाली उतरायचे. ते वर येईपर्यंत आजी काठावरून हलायची नाही, दोराला कोणाला हात लावू द्यायची नाही. तिला या वाक्प्रचाराचा अर्थ विचारावा लागला नसता.

क्रियापदही महत्त्वाचं. 'परतीचे दोर तुटले' असं हल्ली सर्रास छापून येतं, ते मला खटकतं. तुटतात ते आपोआप. कापतो तो माणूस, जाणूनबुजून. कथेत मावळ्यांचे दोर सूर्याजींनी कापले, आज आपण बहुतेकदा स्वतःचे कापण्याबद्दल बोलतो. दोन्ही वापर बरोबर आहेत.

आता तुमच्या मुलीचं. नुसत्या राजीनाम्याला हा वाक्प्रचार मी वापरणार नाही, दुसरी नोकरी मिळू शकते. शहरातलं घर विकून तो पैसा तिने विहिरीत आणि ठिबकमध्ये घातला असेल, तर तुमचा शब्द चपखल होता. फक्त तो रागाने म्हणायचा नव्हता. सूर्याजी पळणाऱ्यांना अडवत होते, तुमची मुलगी तर स्वतःहून चढायला निघाली आहे.