नवं मशिन घेऊ नका, आधी कागदाची ग्रेन बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घणसोलीत घरी बसून 50 दिवाळी कार्डांची ऑर्डर घेतलीत, वाशीहून लाल कार्डस्टॉकच्या, म्हणजे कार्डाच्या जाड कागदाच्या, मोठ्या शीट आणून दुकानातच कापून घेतल्यात. आता घडीवर लाल रंग फुटून पांढरं दिसतंय, दोन दिवसांत कार्डाचे कोपरे उचलले जातायत, डाय-कट अर्धवट निघतायत, आणि कोणीतरी सांगितलं की डाय कापायचं मशिन बदला, प्रेशर कमी पडतंय. या सगळ्यात तुमचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. "काही कार्डं अगदी छान येतात, काही बिघडतात, आणि कागद मात्र एकच." हेच वाक्य मी 2016 च्या श्रावणात घरातल्या प्रत्येकाला ऐकवत होते. म्हणून एवढं मोठं लिहिते आहे.

स्टॅम्प कसा मारायचा, डाय (दाब देऊन कागदातून आकार कापायचा साचा) मशिनमध्ये कशी ठेवायची हे तुम्हाला येतंच, फोटोवरून दिसतंय. ते सोडून देते.

तेव्हा माझ्याकडे ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या एका कुटुंबाची साठीशांतीची 120 आभारपत्रं होती. घडी घातल्यावर ए6, म्हणजे पायाचा (ज्याची घडी घालून वर बाकी सगळं चिकटवतात त्या कागदाचा) तुकडा ए5, 148 बाय 210 मिलिमीटर. मी 20 बाय 30 इंचाच्या शीट घ्यायला गेले. दुकानदाराने हिशेब केला, एका शीटमध्ये सरळ कापले तर 10 तुकडे, म्हणजे 12 शीट लागतील. मी म्हटलं, काका, जास्तीत जास्त कसे निघतील तसे कापा. त्यांनी थोडं फिरवून बघितलं आणि म्हणाले, 11 निघतात. 11 शीटमध्ये 121 तुकडे. मला एक शीट वाचल्याचा आनंद झाला. 35 रुपयांची शीट.

ते 11 कसे निघतात हे मला पुढे खूप दिवसांनी कागदावर आकृती काढल्यावर समजलं. शीटची 20 इंचांची बाजू म्हणजे 508 मिलिमीटर. त्यात 148 च्या दोन पट्ट्या आणि 210 ची एक, बेरीज 506. बरोबर बसतं. 148 च्या प्रत्येक पट्टीत तीन-तीन तुकडे आडवे, आणि 210 च्या पट्टीत पाच तुकडे उभे. सहा एका दिशेचे, पाच दुसऱ्या दिशेचे. गठ्ठ्यात रचले की सगळे सारखेच दिसतात. मापाने सारखेच असतात. रंग तोच, जाडी तीच.

पण कागदाला दिशा असते. कारखान्यात लगदा जाळीवरून पुढे पळत असतो, त्यामुळे त्यातले तंतू बहुतेक त्याच पळण्याच्या दिशेने पडतात. तीच ग्रेन. तंतूने ओल घेतली की तो रुंदीत फुगतो, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने वाढतो आणि आक्रसतो. घडी ग्रेनच्या दिशेने घातली तर तंतूंच्या मधून जाते, स्वच्छ बसते. आडवी घातली तर तंतू मोडावे लागतात. जाड कागदात, त्यातही फक्त वरून रंगवलेल्या आणि आत पांढऱ्या असलेल्या कागदात, मग ते फुटणं लगेच डोळ्यांत भरतं. तुमची ती पांढरी रेघ हीच असणार. तीच घडी आणि ग्रेन एकमेकींच्या विरुद्ध असतील तर दमट हवेत कार्ड एकीकडे वळायला बघतं आणि घडी त्याला दुसरीकडे धरून ठेवते. वरचे-खालचे कोपरे उचलले जातात ते त्यामुळे.

मला हे काहीच माहीत नव्हतं. माझी 120 कार्डं रात्री साडेअकराला पूर्ण झाली. पॅटर्न पेपर चिकटला, पानाफुलांचे डाय-कट बसले, आभाराचा स्टॅम्प वाळला. जेवणाच्या टेबलावर उभी करून ठेवली आणि झोपले. सकाळी खिडकीतून बघितलं तर निम्मी नीट उभी, निम्मी आ वासलेली. काही आडवी पडलेली. हात लावला तर घडी खरखरीत लागत होती, लाकडाचा कुसळ लागावा तशी.

मग मी एकेक करून सगळ्यांना दोष दिला. आधी गमाला. पाण्याचा गम म्हणून टेप आणली. मग पावसाला. मग मशिनला, की डायच्या दाबाने पाया दबला असेल. पाया तर डायमधून गेलाच नव्हता, पण त्या वेळी हे सुचत नाही. तोच कागद परत आणावा म्हणून दुकानात गेले, दोन कार्डं शेजारी ठेवून दाखवली. उत्तर मिळालं, "पाऊस आहे मॅडम, कागद असाच वागणार." मी विचारलं, मग ही निम्मी का नाही वागली? ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मला राग कापण्याचा नाही, तसं कापा हे मीच म्हटलं होतं. राग आहे तो न सांगितलेल्या एका वाक्याचा. रोज कागद कापणाऱ्या माणसाला हे माहीत असणारच. त्याने शीट फिरवताना फक्त एवढं सांगितलं असतं, की ताई, घडी घालायची असेल तर मिसळून कापू नका, तर माझे चार दिवस आणि एक चांगलं गिऱ्हाईक वाचलं असतं. ती साठीशांत झाली, आभारपत्रं दुसरीकडून छापून घेतली गेली. मी आगाऊ रक्कम परत दिली.

खरं कारण सांगितलं स्टेशनजवळच्या एका बाइंडर काकांनी. वह्या-खातेवह्या बांधायचे. मी दुसऱ्याच कामाला गेले होते, पिशवीत ती कार्डं होती. त्यांनी एक हातात घेतलं, उघडलं, दोन्ही तळव्यांमध्ये धरून हलकेच वाकवलं, मग काटकोनात फिरवून पुन्हा वाकवलं. दुसरं घेतलं, तसंच केलं. म्हणाले, याची ग्रेन घडीला आडवी गेलीय, याची बरोबर आहे. बाजूला दोन ढीग करत गेले. उलट्या ढिगात 66 कार्डं भरली. 11 शीट, प्रत्येकी सहा. एक शीट वाचवायला 66 कार्डं गेली.

तर आता तुमचं. मी कागदाची तज्ज्ञ नाही, हौसेने शिकलेली आहे. तुमच्या शीटचं माप वेगळं असेल, तर तुकड्यांचा हिशेबही वेगळा लागेल. पण ही तपासणी कुठल्याही कागदावर चालते. एक चौकोनी तुकडा घ्या, पाच-सहा सेंटिमीटरचा. शीटमध्ये तो कुठल्या बाजूने होता याची पेन्सिलने खूण करा. एका बाजूला ओल्या बोटाने पाणी फिरवा आणि ओली बाजू वर करून ठेवा. तो नळीसारखा वळेल. नळी ज्या दिशेने लांब, ती ग्रेन. पाणी नको असेल तर काकांसारखं वाकवून बघा, ज्या दिशेने वाकवताना कमी जोर लागतो त्या दिशेची घडी चांगली बसते. फाडूनही कळतं, ग्रेनच्या दिशेने फाडलं की रेघ सरळ जाते. मी पाण्याची तपासणी सांगते, कारण जाड कागदात बोटांचा अंदाज सुरुवातीला चुकतो.

ए4 च्या पाकिटातल्या कागदात हा त्रास सहसा होत नाही, कारण बहुतेक वेळा ग्रेन लांब बाजूला असते. तो मधोमध कापून ए5 केलात आणि घडी घालून ए6, तर घडी आपोआप ग्रेनच्या दिशेने येते. पण त्याच ए4 च्या उभ्या दोन पट्ट्या कापून वरून उघडणारं कार्ड केलंत, तर घडी आडवी जाते. तंबूसारखी उभी राहणारी कार्डं करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

घडीबद्दल अजून एक, कारण हे चुकीचं करणारे खूप दिसतात. बोन फोल्डरने (घडीची रेघ ओढायच्या चपट्या पट्टीने) किंवा रिफिल संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढली की एका बाजूला खाच पडते आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो. उंचवटा कार्डाच्या आत जायला हवा, खाच बाहेर. पुष्कळ जण खाचेत घडी मिटतात, ती बरोबर वाटते, पण बाहेरचा थर ताणून फुटतो.

पॅटर्न पेपरलाही ग्रेन असते. पायाची एका दिशेला आणि वरच्या कागदाची दुसऱ्या दिशेला असेल, आणि मध्ये पाण्याचा गम, तर ते एकमेकांना ओढत राहतात. दोन्ही एकाच दिशेला ठेवा. चौकोनी पॅडमध्ये हे दिसत नाही, म्हणून एक कोपरा कापून आधी तपासते मी. डिझाइन दिशेचं असेल, म्हणजे उभ्या वेली, उभे पट्टे, तर मात्र डिझाइन राखा आणि गमऐवजी टेप वापरा. बारीक देठांच्या डायसाठीही हेच. लांब नाजूक देठ ग्रेनच्या दिशेने आला तर तुटत नाही, आडवा आला की काढतानाच मोडतो. तिथे डाय आणि कागदाच्या मध्ये बटर पेपरचा तुकडा घातला की सुटतोही लवकर. आणि डाय रोलरला समांतर न ठेवता थोडी तिरकी ठेवा, दाब समान बसतो. तुमचे डाय-कट अर्धवट निघतायत ना, ते बहुतेक याने आणि मशिनची प्लेट (जिच्यावर डाय आणि कागद ठेवून दाबतात ती) उलटसुलट वापरल्याने सुटेल. प्लेट एकाच बाजूने वापरून वाकलेली असते. म्हणून म्हणते, हजारो रुपयांचं मशिन आत्ता घेऊ नका. हे माझं मत आहे, आग्रह नाही. पण दिवाळीच्या तोंडावर नवं मशिन हाताखाली येईपर्यंत आठवडा जातो, हे खरं.

"जड पुस्तकांखाली दाबून ठेवा" हा सल्ला तुम्हाला पुष्कळ जण देतील. ग्रेन बरोबर असलेल्या कार्डांना तो लागू पडतो, रात्रभरात सपाट होतात. उलट्या कार्डांचं मी करून बघितलंय, पुस्तक उचललं की तासाभरात परत तेच. ठाणे काय, घणसोली काय, खाडीची हवा सुटत नाही आपल्याला. कागद पाकिटातून काढून एक दिवस कामाच्याच खोलीत मोकळा ठेवा, मगच कापा. एसीच्या खोलीत करून बाहेर उघड्या घरात दिलीत तर कार्ड रस्त्यातच हलायला लागतं. पिगमेंट शाईचे स्टॅम्प पावसाळ्यात वाळायला वेळ घेतात, तुमचे पुसटत नाहीत म्हणालात, तर त्यात काही बदलू नका.

पोस्टाने पाठवणार असाल तर वजनही बघा. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम) ए5 पाया एकटाच नऊ ग्रॅमच्या वर जातो. त्यावर पॅटर्न पेपर, पांढरा थर, लिफाफा धरला की अठरा-एकोणीस. फोम टेप आणि चार फुलं लागली की 20 ग्रॅमचा टप्पा ओलांडतो. तिकीट कमी पडलं तर पत्र बेरंग जातं आणि फरकाच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून मागतात. ज्याला शुभेच्छा पाठवल्या त्यालाच दारात पैसे मोजायला लावणं फार वाईट वाटतं. स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो. फोम टेपबद्दल माझं मत असं की हल्ली ती गरजेपेक्षा फार लावतात. दोन ठिकाणी उचललं की सावली पडते, तेवढं पुरे.

ग्रेनची कटकटच नको असेल तर हातकागद वापरून बघा. पुण्याची हातकागद संस्था 1940 पासून आहे. हाताने उचललेल्या कागदात तंतू सगळीकडे पडतात, म्हणून दिशा जवळजवळ नसते. पण पृष्ठभाग खरबरीत, बारीक रेघांचा स्टॅम्प त्यावर तुटक उमटतो आणि डायच्या कडा थोड्या केसाळ निघतात. मी पायाला हातकागद घेते, स्टॅम्प गुळगुळीत पांढऱ्या तुकड्यावर मारून वर चिकटवते.

आता कापून ठेवलेले तुकडे. फेकू नका. ज्यांची ग्रेन उलटी निघेल ते बाजूला काढा आणि रुंदीत न मिटता लांबीत मिटा, म्हणजे 74 बाय 210 चं उंच, अरुंद कार्ड होतं. घडी आता ग्रेनच्या दिशेने जाते, फुटत नाही. माझी ती 66 कार्डं गेली ती गेलीच, त्यांच्यावर सगळं चिकटवून झालं होतं. पण पुढे एकदा असेच 40 कोरे तुकडे निघाले, त्यांची समईची डाय लावून लांब कार्डं केली. लांब पाकिटात व्यवस्थित बसली, आणि त्या गिऱ्हाइकाने पुढच्या वर्षी तीच मागितली. तुमच्या ऑर्डरवाल्यांना फोटो पाठवून आधी विचारा, न विचारता आकार बदलू नका.

आज रात्री गठ्ठ्यातले चार तुकडे वरून, मधून, खालून काढा आणि पाणी लावून बघा. शीटचं माप किती होतं, एकीतून किती तुकडे निघाले, आणि नळी 210 च्या बाजूने वळली की 148 च्या, तेवढं कळवा. त्यावरून 50 पैकी साधारण किती उलटे असतील ते मी आकृती काढून सांगते.