श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट
रुग्णसेवा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी सोलापुरात जीएनएमच्या (परिचारिका पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्ट पाहिला की श्वसनाच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक रुग्णापुढे १८ किंवा २० लिहिलेले दिसते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तरी चालते, असे बरोबरीच्या मुली सांगतात. पुस्तकात मात्र पूर्ण मिनिट मोजायला सांगितले आहे. तीस खाटांच्या वॉर्डात हे कसे जमवावे?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : पूर्ण मिनिटच मोजावे. पंधरा सेकंदांत चार श्वास मोजले तर मिनिटाला १६ होतात, पाच मोजले तर २० आणि सहा मोजले तर २४. मधली एकही संख्या या रीतीने मिळणारच नाही. सुरुवातीचा किंवा शेवटचा एक श्वास निसटला, तर चार्टवर थेट चारचा फरक पडतो आणि हा फरक किरकोळ नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज’ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) या गुणपद्धतीत प्रौढ रुग्णाचा श्वसनवेग १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ असेल तर दोन आणि २५ किंवा अधिक असेल तर तीन गुण धरतात. गुण वाढले की धोका वाढला असे समजायचे, आणि एकाच मोजमापाला तीन गुण मिळाले तरी डॉक्टरांना तातडीने कळवायचे. मोजण्यात एका श्वासाची चूक झाली, तर ज्याच्याकडे लगेच लक्ष द्यायला हवे तो रुग्ण ‘ठीक’ या गटात जाऊन बसतो.

वॉर्डातल्या सगळ्या मोजमापांत सर्वांत जास्त उपेक्षा श्वसनाचीच होते, असे माझे स्पष्ट मत आहे. नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन यांचे आकडे यंत्र दाखवते. श्वास मात्र बहुतेक वॉर्डांत आपल्यालाच उभे राहून मोजावा लागतो. प्रकृती बिघडू लागल्याची पहिली खूण पुष्कळदा तिथेच दिसते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड किंवा आम्लता वाढली की मेंदूतील श्वसनकेंद्र श्वासाचा वेग वाढवते. न्यूमोनियात, जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यावर, पोटात आतल्या आत रक्तस्राव होत असताना किंवा मधुमेही रुग्णाच्या रक्तात कीटोनची आम्ले साठल्यावर रुग्ण मिनिटाला २६-२८ श्वास घेऊ लागतो. त्याच वेळी ऑक्सिमीटर ९६ दाखवू शकतो, कारण जोर लावून श्वास घेत रुग्णाचे शरीरच ती पातळी टिकवून धरत असते. अशा वेळी रकान्यात सवयीने २० लिहिले गेले, तर मिळालेली आगाऊ सूचना वाया जाते. याउलट मॉर्फिनसारख्या औषधानंतर श्वास मंदावतो. तो आठपर्यंत उतरलेला आढळला तर पुढच्या फेरीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना बोलवावे. काही गंभीर रुग्णांत श्वास खोल होत जातो, मग उथळ होतो आणि काही क्षण थांबतो. पंधरा सेकंदांच्या मोजणीत हे चक्र सापडतच नाही.

आता मोजायचे कसे ते पाहू. रुग्णाला ‘श्वास मोजते’ असे सांगू नये, कारण सांगितले की त्याचा श्वास बदलतो. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तर्जनी आणि मधले बोट ठेवून आधी नाडी मोजावी. अंगठ्याने मोजू नये, कारण अंगठ्यात स्वतःचीच नाडी जाणवते. नाडी मोजून झाली की बोटे तिथेच ठेवून नजर छातीकडे न्यावी आणि घड्याळाचा पूर्ण फेरा होईपर्यंत मोजावे. अंगावर जाड सोलापुरी चादर गळ्यापर्यंत ओढलेली असेल, तर छातीची हालचाल दिसत नाही. ती थोडी खाली सरकवावी किंवा रुग्णाचा हात हलकेच त्याच्या छातीवर आडवा ठेवून हाताची वर-खाली होणारी हालचाल मोजावी. लहान मुलाचे पोट पाहावे, आणि तेही ते रडत नसताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे दोन महिन्यांच्या आतील बाळाला मिनिटाला ६० किंवा अधिक, त्यापुढे वर्षाच्या आत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा अधिक श्वास असतील, तर तो वेग जास्त मानतात.

तीस रुग्णांचा एकेक मिनिट म्हणजे अर्धा तास होतो, ही तुमची अडचण खरी आहे. म्हणून क्रम ठरवावा. आदल्या दिवशी शस्त्रक्रिया झालेले, तापाने फणफणलेले, ऑक्सिजनवर असलेले, गुंगी आणणारी औषधे चालू असलेले आणि ‘आज बरं वाटत नाही’ एवढेच म्हणणारे रुग्ण आधी घ्यावेत. एखाद्याचा श्वास मोजणे खरोखरच राहिले, तर रकाना कोरा ठेवावा आणि पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला तसे सांगावे. कोरा रकाना पाहून दुसरे कोणीतरी मोजेल. न मोजता लिहिलेला २० पाहून कोणीही मोजणार नाही.

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची असून विड्या वळण्याचे काम करते. दवाखान्यात तिचा रक्तदाब १५२/९४ भरला. घरच्या यंत्रावर एकदा १३४/८२, तर एकदा १६०/९० आला. कोणता आकडा खरा मानावा?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : तिन्ही आकडे त्या त्या क्षणी खरे असू शकतात, कारण रक्तदाब दिवसभर बदलत असतो. म्हणून एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. मात्र मोजण्याच्या पद्धतीतला दोष आधी दूर करायला हवा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा घेऊ नये आणि तंबाखू किंवा मिश्री लावू नये. विड्या वळणाऱ्या अनेक बायकांना मिश्रीची सवय असते आणि निकोटिनने रक्तदाब तात्पुरता चढतो, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहोत. आईंना लघवीला जाऊन येऊ द्यावे. मग पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसवावे. सूप मांडीवर घेऊन विड्या वळता वळता घेतलेला रक्तदाब हिशेबात धरू नये. मोजताना कोणीही बोलू नये, त्यांनीही नाही आणि तुम्हीही नाही.

पट्टा उघड्या दंडावर बांधावा. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की तीच दंडाला आवळते, त्यापेक्षा सैल बाहीचा ब्लाउज घालून बसणे बरे. पट्ट्यातील हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के भागाला वेढणारी हवी. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा फुगून येतो. यंत्रासोबत मिळालेला पट्टा प्रत्येकाला बसतोच असे नाही, त्यामुळे दंडाचा घेर टेपने मोजून पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहावा. हात टेबलावर, छातीच्या मध्याच्या पातळीत टेकलेला असावा. तो दहा सेंटिमीटर खाली लोंबला तरी सात-आठ अंकांचा फरक पडतो. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजावे आणि ज्या दंडावर आकडा जास्त येईल तोच पुढे कायम ठेवावा.

यानंतर सात दिवस सकाळी (गोळी चालू असल्यास ती घेण्यापूर्वी) आणि संध्याकाळी, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून वहीत सगळे आकडे लिहावेत, न आवडलेलेसुद्धा. पहिला दिवस सोडून उरलेल्या आकड्यांची सरासरी काढावी. घरची सरासरी १३५/८५ किंवा अधिक असेल, तर ती दवाखान्यातल्या १४०/९० इतकीच महत्त्वाची समजतात. वही डॉक्टरांना दाखवावी. गोळी सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे त्यांच्यावरच सोडावे. आकडा १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे किंवा एका बाजूची कमजोरी जाणवत असेल, तर सरासरीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मे महिन्यात शेतातून उचलून आणलेल्या एका माणसाचा काखेतला ताप १०१ भरला, पण तो असंबद्ध बरळत होता. आकड्यावर विश्वास ठेवावा की लक्षणांवर?
— एक आशा सेविका, मोहोळ तालुका

उत्तर : लक्षणांवर. काखेतले तापमान शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा कमी असते, आणि काख घामाने ओली असेल किंवा थर्मामीटर त्वचेला नीट टेकला नसेल, तर ते आणखी कमी दिसते. उष्माघातात आतले तापमान १०४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ते खात्रीने गुदद्वारातून मोजता येते. कपाळासमोर धरायचे यंत्र घाम आणि उन्हामुळे फसते. आपल्या जिल्ह्यात पारा ४२-४३ वर जातो. अशा दिवसांत उन्हात काम करणारा माणूस बरळू लागला किंवा झटके देऊ लागला, तर आकडा काहीही असो, उष्माघातच समजून चालावे. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही असेही म्हणू नये. कष्टाच्या कामात होणाऱ्या उष्माघातात घाम असू शकतो.

१०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नये. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतत राहून जोराने वारा घालावा, बर्फ मिळाल्यास कापडात गुंडाळून मानेवर, काखांत आणि जांघांत ठेवावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग नाही, कारण हा ताप जंतुसंसर्गाचा नसतो. नाडी आणि श्वास दर काही मिनिटांनी मोजून वेळेसह कागदावर लिहावेत आणि तो कागद रुग्णासोबत पाठवावा. पुढच्या डॉक्टरांना त्याचा फार आधार होतो.

प्रश्न : नखांना रंग असेल तर ऑक्सिमीटर चुकतो का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : चुकू शकतो, विशेषतः गडद रंग असेल तर. हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून त्यातला किती शोषला गेला त्यावरून ऑक्सिजनचा अंदाज करते. निदान एका बोटाचा रंग पुसावा, हात गार असल्यास चोळून गरम करावा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत बोट हलवू नये. यंत्रावर दिसणारी नाडी मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल, तर ऑक्सिजनचा आकडाही ग्राह्य धरू नये. निरोगी माणसात तो साधारण ९५ ते १०० असतो. कापसाच्या धुळीत किंवा धुरात वर्षानुवर्षे काम करून फुप्फुसाचा जुना आजार जडलेल्यांसाठी कोणती पातळी ठीक, हे त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. अशा काही रुग्णांत ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठेवतात आणि घरच्या घरी ऑक्सिजन वाढवणे त्यांना अपायकारक ठरू शकते.