घर वाचलं, पण गाडी 'टोटल लॉस'? सही करण्याआधी हे वाचा

प्रश्न : आमचं घर डोंगरउतारावर आहे. फेब्रुवारीअखेर शेजाऱ्यांनी बांधावरचं गवत पेटवलं, वारा सुटला आणि वणवा आमच्या कुंपणाच्या आत आला. गावकऱ्यांनी ओल्या फांद्यांनी झोडपून आणि टँकरच्या पाण्याने तो विझवला. घर वाचलं, पण भिंती, छत, गाद्या, कपडे काजळीने माखलेत. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी १९६४ची फियाट ११०० उभी होती. तिच्या मागच्या भागाच्या रंगाला फोड आले, मागची काच तडकली, रबरं वितळली. घराची विमा कंपनी म्हणते, 'घर जळलेलं नाही, मग क्लेम कसला?' गाडीची विमा कंपनी म्हणते, 'दुरुस्तीचा अंदाज १,०५,००० रुपये, आयडीव्ही (पॉलिसीत ठरलेली गाडीची किंमत) १,२०,०००. म्हणजे टोटल लॉस. सॅल्व्हेज (भंगाराची किंमत) वजा करून पैसे घ्या आणि आरसी रद्द करा.' आरसीची मुदत नोव्हेंबरातच संपली होती, हाही मुद्दा त्यांनी काढलाय. शेजारी २५,००० रुपये देऊन स्टॅम्प पेपरवर मिटवू म्हणतात. काय करावं?

उत्तर : तुमच्यापुढे तीन कागद आहेत. घराचा क्लेम मागे घेतल्याचं पत्र, गाडीचं टोटल लॉसचं संमतिपत्र आणि शेजाऱ्यांचा स्टॅम्प पेपर. तिन्हींवर सही करू नका. तिसरा दिसायला सगळ्यात साधा असला तरी सगळ्यात महाग तोच पडू शकतो.

गाडीपासून सुरुवात करतो, कारण तिथे कंपनीचं गणितच चुकलंय. मोटार पॉलिसीत 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस' (दुरुस्ती परवडत नाही म्हणून गाडी पूर्ण गेली असं धरणं) केव्हा म्हणायचं ते ठरलेलं आहे : पॉलिसीच्या अटी लावून निघणारा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर. तुमच्या बाबतीत ही रेषा ९०,००० रुपयांवर येते. कंपनीने गॅरेजचं एस्टिमेट जसंच्या तसं धरलं आणि १,०५,००० हे ९०,०००पेक्षा जास्त म्हणून शिक्का मारला. पण 'पॉलिसीच्या अटी लावून' म्हणजे घसारा (जुनेपणापोटीची कपात) कापून. तो कापून बघा. दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा लागतो. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांवरही ५० टक्के. काचेवर काहीच नाही. मजुरीवर घसारा नसतो. रंगकामात फक्त मटेरियलच्या किमतीवर ५० टक्के, आणि बिल एकत्रित असेल तर एकूण रंगखर्चाचा २५ टक्के भाग मटेरियल समजायचा.

आता तुम्ही पाठवलेलं एस्टिमेट घ्या. रंगकाम ६०,००० : त्यातलं मटेरियल १५,०००, त्याचे निम्मे ७,५०० कापले, उरले ५२,५००. रबरं, होज आणि दोन टायर मिळून २२,००० : निम्मे, ११,०००. मागची काच ८,००० : पूर्ण. काढ-घाल आणि डेंटिंगची मजुरी १५,००० : पूर्ण. बेरीज ८६,५००. रेषेच्या आत. गाडी टोटल लॉस नाही, दुरुस्तीचा क्लेम आहे. हीच आकडेमोड तक्त्यात मांडून कंपनीला ई-मेल करा आणि सर्व्हेअरच्या (नुकसान पाहून अंदाज देणाऱ्या तपासनिसाच्या) अहवालाची प्रत लेखी मागा.

मात्र फरक ३,५०० रुपयांचाच आहे हे विसरू नका. गॅरेजने नंतर सप्लिमेंटरी एस्टिमेटमध्ये वायरिंग किंवा ब्रेकचं काम वाढवलं की हीच गाडी खरोखर रेषेच्या पलीकडे जाईल. म्हणून पूर्ण तपासणी आत्ताच करून घ्या : डिकीतून जाणारं वायरिंग, मागच्या व्हील सिलिंडरची रबरं, पेट्रोलच्या टाकीचा होज, मडगार्डवर जुन्या दुरुस्तीत शिशाचा भराव असेल तर तो सुटलाय का. एस्टिमेट गाडीच्या खऱ्या हालतीचंच हवं. त्यात मजुरी आणि मटेरियल वेगळं दाखवायला सांगा, पण आकडे जुळवायला सांगू नका. खोटं एस्टिमेट हाती लागलं तर कंपनीला सगळाच क्लेम नाकारायचं निमित्त मिळतं.

खरा दोष १,२०,००० या आयडीव्हीत आहे. पाच वर्षांवरच्या किंवा उत्पादन बंद झालेल्या गाडीचा आयडीव्ही कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. प्रीमियम वाचावा म्हणून लोक तो खाली ठेवतात आणि मग किरकोळ आगीतही गाडी कागदोपत्री भंगारात जाते. पुढच्या नूतनीकरणाला व्हॅल्युएशन रिपोर्ट जोडून रक्कम वाढवून घ्या.

आरसी रद्द करायच्या अटीबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचं असतं. तुमची गाडी दुरुस्त होणारी आहे, हे कलम तुम्हाला लागू नाही. एकदा रद्द झालेला जुना नंबर परत मिळवताना काय हाल होतात ते जुन्या गाडीवाल्यांना विचारा.

मुदत संपलेल्या आरसीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका. नोंदणी नसताना गाडी वापरणं हा पॉलिसीचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने नरिंदर सिंग (२०१४) आणि सुशीलकुमार गोदारा (२०२१) या प्रकरणांत म्हटलंय, आणि कंपन्या हे दोन निकाल हमखास पुढे करतात. पण त्या दोन्ही गाड्या रस्त्यावर आणलेल्या होत्या. कलम ३९ची बंदी विनानोंदणी गाडी 'चालवण्यावर' आहे. शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीला बाहेरून आग लागली, तिथे 'चालवणं' कुठे आलं? मुद्दा तुमच्या बाजूने चांगला मांडता येतो, पण पुराव्यानिशी : नोव्हेंबरनंतर गाडी बाहेर काढली नव्हती हे दाखवा. त्या काळातली पीयूसी, पेट्रोलची बिलं, फास्टॅगच्या नोंदी किंवा रॅलीचे फोटो निघाले तर हा युक्तिवाद तिथेच संपतो. तेव्हा आधी स्वतःचा फोन तपासा.

गाडी सुरू करून पाहिलीत का? पाहिली नसेल तर पाहू नका. दुरुस्तीआधी गाडी चालवली आणि नुकसान वाढलं तर ते मालकाच्या जोखमीवर, अशी स्पष्ट अट मोटार पॉलिसीत आहे. एअर क्लीनरमधून आत गेलेली राख सिलिंडरला ओरखडे पाडते, आणि ते इंजिनकाम कंपनी तुमच्या नावावर टाकेल. ओल्या फडक्याने पुसूही नका. लाकूड-गवताच्या राखेत पाणी गेलं की ते क्षारीय द्रावण रंग आणि क्रोम खातं, वर चोळण्याचे चरे वेगळे. आधी सर्व्हे, मग कोरडी राख हलक्या हवेने उडवायची, मग न चोळता भरपूर पाण्याने धुवायची.

आता घर. 'ज्वाला आत आली नाही म्हणून नुकसान नाही' हे म्हणणं टिकत नाही. प्रत्यक्ष आग लागली होती. तिचा धूर, काजळी, झळ आणि विझवताना मारलेलं पाणी यांनी झालेलं नुकसान हे त्या आगीचंच नुकसान. तुम्हाला बघायचंय ते पॉलिसीचं नाव. १ एप्रिल २०२१पासूनची 'भारत गृह रक्षा' असेल तर त्यात झुडपांची आग, वनातली आग, जंगलातली आग हे तिन्ही शब्द जोखमींच्या यादीत आहेत. विषय संपला. पण बँकेने कर्जाबरोबर काढून दिलेली जुन्या धर्तीची 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स' असेल तर सावध व्हा. तिच्यात झुडपांची आग येते आणि वनातली आग वगळलेली असते, जोडकवच (जादा प्रीमियम भरून घेतलेलं वाढीव संरक्षण) घेतलं असेल तरच मिळते.

म्हणून पंचनाम्यातला एक शब्द इथे लाखमोलाचा. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) सवयीने 'जंगलास वणवा लागून' असं लिहून जातात. तुमची आग खाजगी मालकीच्या बांधावरच्या गवतात सुरू झाली. ते तसंच, गट नंबरासह लिहिलेलं हवं. पंचनामा आधीच झाला असेल तर पुरवणी जबाब द्या. वनहद्द जवळ असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडून 'त्या दिवशी अमुक कंपार्टमेंटमध्ये आगीची नोंद आहे किंवा नाही' एवढं लेखी मागा. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे बिंदू टिपते. व्हीआयआयआरएस या उपकरणाचा एक ठिपका सुमारे ३७५ मीटरचा असतो, त्यामुळे तारीख-वेळेला आधार मिळतो, पण बांधावरची छोटी आग त्यात सुटू शकते. ठिपका नाही म्हणजे आग नव्हती, असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

घराच्या पॉलिसीत वाहनं वगळलेली असतात, त्यामुळे फियाटचा खर्च तिथे घुसडू नका. शेड मात्र इमारतीत येते का ते शेड्युलमध्ये पाहा.

साफसफाईची घाई नको. प्रत्येक खोलीत पांढरं सुती फडकं भिंतीवर हातभर फिरवा, फोटो काढा, फडकं झिपच्या पिशवीत घालून वर खोली आणि तारीख लिहा. कुंपणापासून भिंतीपर्यंत टेप धरून, जळालेल्या गवताची कड दिसेल असा फोटो घ्या. गाडीच्या मागच्या आणि पुढच्या भागाचे सारख्याच उजेडातले फोटो शेजारी ठेवा, चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घ्या. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ फाइल पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) द्यावी लागते, ती मूळ फाइलचीच हवी. तडकलेली काच, वितळलेली रबरं टाकू नका, सर्व्हेअरने पाहून लेखी दिल्यावरच हलवा. जुन्या फायर पॉलिसीत तपशीलवार क्लेम १५ दिवसांत द्यायचा असतो. तो दिला नसेल तर आजच, उशिराच्या कारणासह द्या.

आग शेजाऱ्यांनी लावली, म्हणून विमा नाही, असंही कुणी म्हणेल. मालकाने स्वतः लावलेली नसेल तर आगीचं नेमकं कारण गौण, असं सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँक विरुद्ध युनायटेड इंडिया (२०२०) मध्ये सांगितलंय.

शेवटी तो स्टॅम्प पेपर. विमा कंपनी तुम्हाला पैसे देते तेव्हा नुकसान करणाऱ्याकडून वसुली करायचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. तुम्ही २५,००० घेऊन 'आता कोणतीही तक्रार उरली नाही' असं लिहून दिलंत, तर कंपनी म्हणणार, आमची वसुली तुम्हीच बुडवली, क्लेम नामंजूर. शेजारधर्म सांभाळायचाच असेल तर दोन्ही कंपन्यांना आधी लेखी कळवा आणि मजकूर असा ठेवा : 'ही रक्कम विम्यातून न मिळणाऱ्या नुकसानीपोटी स्वीकारली असून विमा कंपनीच्या वसुलीच्या हक्कास बाधा येत नाही.' विम्यातून न मिळणारं नुकसान खरंच आहे. घसाऱ्याची कपात आहेच, शिवाय मूळ रंग गेल्यामुळे गाडीची घटलेली किंमत. ती मोटार पॉलिसी देत नाही, निष्काळजी माणसाकडून दिवाणी दाव्यात मागता येते, साधारण तीन वर्षांच्या आत. माणसांच्या जिवाला धोका होईल अशा निष्काळजीपणे आग हाताळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७खाली गुन्हाही आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलीस ठाण्यात निदान नोंद करून ठेवा. पुढे रेटायचं की नाही ते तुम्ही ठरवा, माझा आग्रह नाही.

कंपन्या ऐकत नसतील तर आधी त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटणारं नाही, तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारी सोडवणारा स्वतंत्र अधिकारी). ५० लाखांपर्यंतची प्रकरणं, फी नाही, वकील लागत नाही, नकारापासून एक वर्षाची मुदत. तुमच्यासारख्या आकडेमोडीच्या वादाला मी हाच मार्ग सुचवेन. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं आहे, पण तिथे प्रकरण चालू असताना लोकपालांकडे जाता येत नाही. कंपनीने मधेच कमी रकमेचा चेक आणि 'फुल अँड फायनल'चं व्हाउचर पुढे केलं तर 'वादग्रस्त रकमेचा हक्क राखून' असं हाताने लिहून सही करा. फसवून किंवा दबावाखाली घेतलेलं व्हाउचर आड येत नाही असं अजमेर सिंग कॉटन (१९९९) प्रकरणात ठरलंय, पण तो दबाव नंतर सिद्ध करत बसण्यापेक्षा पेनाने एक ओळ लिहिणं सोपं.

गॅरेजला एक सूचना आत्ताच द्या. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी मिळते, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, जुना नंबर कायम. पण चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा लागतो. मागचा पत्रा कापून दुसऱ्या गाडीचा अख्खा भाग जोडण्याचा सल्ला मेकॅनिक देईल, स्वस्त पडतो म्हणून. नको म्हणा. फोड आलेला रंग उतरवून आहे तोच पत्रा राखायचा, आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो बिलाला जोडायचा.