चॅरिटी सायकल राइड एवढी महाग का असते, आणि भरलेले पैसे जातात कुठे?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पुण्यात असताना तुम्ही बीआरएम (ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) केल्या, तेही किरकोळ फीमध्ये. आता बॉस्टनजवळ नोकरीला आहात आणि ऑफिसातले सहकारी पॅन-मास चॅलेंजला, म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॅन्सरसाठीच्या चॅरिटी राइडला, चला म्हणतात. नोंदणी फी वेगळी, वर काही हजार डॉलर देणग्या जमवून देण्याची हमी, आणि कमी पडले तर उरलेली रक्कम तुमच्या कार्डातून वळती होणार. सायकल आपली, पाय आपले, मग एवढा खर्च कसला, पैसे खरंच पोचतात का, आणि तरीही लोक का जातात?

आधी बीआरएमशी तुलना बाजूला काढू. बीआरएम स्वस्त असते कारण त्यात आयोजक जवळजवळ काहीच देत नाही. ब्रेव्हे कार्ड (वाटेतल्या चौक्यांची नोंद करायचं कार्ड), मार्गाची माहिती, नियंत्रण चौक्या आणि २०० किलोमीटरला साडेतेरा तास ही मुदत, बस. पंक्चर तुमचं, जेवण तुमचं, अंधारात वाट चुकलात तर तीही तुमची. चॅरिटी राइडमध्ये नेमकं उलट असतं. ज्याने आयुष्यात सलग ८० किलोमीटर सायकल चालवलेली नाही अशा माणसालाही सुखरूप पोचवण्याची जबाबदारी आयोजकावर असते आणि पैसा त्या जबाबदारीला लागतो.

पॅन-मास १९८० साली सुरू झाली. बिली स्टार यांच्या आईचं मेलानोमाने, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरने, निधन झालं होतं; त्यांनी मित्रांना घेऊन स्प्रिंगफील्डहून प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत सायकल चालवली. ३६ जण, जमा झाले १०,२०० डॉलर. आज ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी सहा हजारांहून जास्त लोक निघतात, तीन हजारांच्या आसपास स्वयंसेवक असतात, आणि २०२४ मध्ये बॉस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला ७.५ कोटी डॉलर दिले गेले. त्याच वर्षी सुरुवातीपासूनच्या एकूण देणगीने १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. भागाकार केलात तर माणशी दहा हजार डॉलरच्या पुढे जातं, म्हणजे बरेच लोक किमान रकमेवर थांबत नाहीत.

आता खर्च. एक मोठा आणि बाहेरून न दिसणारा म्हणजे चौकांतले पोलीस. मॅसॅच्युसेट्समध्ये अशा कार्यक्रमाला पोलीस फुकट मिळत नाहीत. ड्यूटीबाहेरच्या अधिकाऱ्याचा तासाचा दर आयोजकाने भरायचा, आणि सायकली वीस मिनिटांत पुढे गेल्या तरी बहुतेक गावांत किमान चार तासांचे पैसे. मार्ग डझनावारी गावांतून जातो, प्रत्येकाचा दर आणि परवानगी वेगळी. मग विमा, रुग्णवाहिका आणि वैद्यकीय तंबू, थकलेल्यांना उचलणाऱ्या गाड्या, मेकॅनिक, बॅगा नेणारे ट्रक, फिरती शौचालयं, बर्फ, पाणी, खाणं. दोन दिवसांच्या मार्गावर शनिवारी रात्री बोर्नच्या मेरिटाइम अकॅडमीत हजारो लोकांची झोपण्या-जेवण्याची सोय असते. स्वयंसेवक फुकट राबतात, पण त्यांनाही टी-शर्ट, जेवण आणि वाहतूक लागतेच.

यातला बराच खर्च माणसं किती आली त्यावर ठरत नाही. समजा पुण्याजवळ कोणी एका दिवसाची राइड ठेवली, परवानग्या-रुग्णवाहिका-विमा असा ठोक खर्च ३ लाख रुपये आणि माणशी खाणं-जर्सी-पदक १,००० रुपये. फी १,५०० ठेवली तर ६०० जण आले की हिशेब बरोबर सुटतो. २०० च आले तर दोन लाखांचा खड्डा, आणि तो देणगीतून भरण्याचा मोह होतो. अमेरिकेत एड्स/लाइफसायकल ही सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस सात दिवसांची ५४५ मैलांची राइड २०२५ च्या जूनमध्ये शेवटची झाली ती याच गणितामुळे: खर्च वाढत गेला, महासाथीनंतर माणसं कमी झाली. हजारो लोकांना आठवडाभर तंबूत ठेवून रोज पुढच्या गावी हलवायचं म्हणजे फिरतं गावच उभं करणं, आणि माणसं निम्मी झाली म्हणून त्याचा खर्च निम्मा होत नाही. तिची आधीची आवृत्ती, १९९४ ची कॅलिफोर्निया एड्स राइड, चालवणाऱ्या कंपनीवर तर जमलेल्या पैशातला फार मोठा वाटा आयोजनावर जातो अशी टीका झाली होती; लाभार्थी संस्थांनी शेवटी वेगळं होऊन स्वतःची राइड काढली.

म्हणून ‘पैसे पोचतात का’ याचं उत्तर राइडगणिक बदलतं, आणि ते काढायला दहा मिनिटं लागतात. पॅन-मासमध्ये दोन खिसे वेगळे ठेवले आहेत. रायडरने जमवलेला प्रत्येक डॉलर डेना-फार्बरला जातो आणि आयोजनाचा खर्च नोंदणी फी, प्रायोजक वगैरेंतून निघतो. ओहायोची पेलोटोनिया ही राइडही याच पद्धतीची. तरी ‘शंभर टक्के’ या शब्दाला भुलून जाऊ नका. खर्च कुठे नाहीसा होत नाही, दुसरा कोणी तरी भरत असतो. माझ्या मते विचारायचा प्रश्न असा: एकूण आत किती आले, खर्च किती झाला, संस्थेला किती गेले? अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांचा फॉर्म ९९०, म्हणजे वार्षिक हिशेबाचं विवरण, सार्वजनिक असतो. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाका, फुकट उघडतो. त्यात दिलेल्या अनुदानांची रक्कम आणि एकूण खर्च शेजारी ठेवून पाहा. तीन वर्षांचे फॉर्म पाहिलेत तर बरं, कारण एखाद्या वर्षी पाऊस-वादळाने राइड रद्द झालेली असू शकते.

ब्रिटनमधल्या ओळखीच्यांना विचाराल तर तिथे दुसरं रूप दिसेल. लंडन ते ब्रायटन ही ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची ५४ मैलांची एका दिवसाची राइड. तिथे राहण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे खर्च आटोपशीर. पण लंडन ते पॅरिससारख्या तीन-चार दिवसांच्या सहली बऱ्याचदा खाजगी कंपन्या चालवतात आणि नोंदणीत दोन पर्याय असतात: सहलीचा खर्च स्वतः भरा, किंवा ठरावीक किमान रक्कम जमवून द्या, त्यातूनच तुमचं हॉटेल, बोट आणि जेवण निघेल. दुसऱ्या पर्यायात तुमच्या मावशीने कॅन्सरसाठी म्हणून दिलेल्या पैशातला काही भाग तुमच्या पॅरिसच्या खोलीत जातो. बेकायदा नाही, पण देणाऱ्याला ते आधी सांगायला हवं. मी तरी अशा ठिकाणी पहिलाच पर्याय घ्या म्हणेन.

हमीची रक्कम जमवणं हे खरं काम आहे, सायकल त्यामानाने सोपी. समजा किमान ६,००० डॉलर आहे. सगळ्यांना एकच संदेश ढकलून हे होत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर लिंक टाकली की पन्नास अंगठे येतात आणि दोन देणग्या. एकेकाला नाव घेऊन लिहा, ठरावीक आकडा मागा. २० जणांकडून शंभर-शंभर (२,०००), ४० जणांकडून पन्नास-पन्नास (२,०००), कंपनीचं मॅचिंग (कर्मचाऱ्याच्या देणगीएवढीच कंपनीने घातलेली भर) १,०००, तुमचे स्वतःचे ५००, उरलेले ५०० मिसळ-पोह्यांच्या एखाद्या सकाळीतून. स्वतःची देणगी सर्वात आधी टाका. पान रिकामं दिसलं की लोक पाच-दहा डॉलरवर थांबतात, आणि पहिली रक्कम मोठी असली की पुढचे त्याच अंदाजाने देतात. मिसळीचे पैसे देणाऱ्याला मात्र पूर्ण रकमेची कर-पावती मिळत नाही, खाल्लेल्या मिसळीची किंमत वजा होते.

मॅचिंग इथे फसतं. कंपनी तेवढेच पैसे घालते, पण देणाऱ्याला त्याच्या कंपनीच्या पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि पैसे यायला काही महिने लागू शकतात. तुमच्या हमीची शेवटची तारीख राइडनंतर काही आठवड्यांनी असते. मॅचिंग त्यानंतर आलं तर आधी कार्डातून कापलं जायचं. म्हणून मॅचिंगवाल्या देणग्या मे-जूनमध्येच मागा आणि मुदतीपर्यंत न आलेलं मॅचिंग कसं धरतात ते आयोजकांना ईमेलने विचारून ठेवा. लोकांचे पैसे झेल किंवा व्हेन्मोसारख्या पैसे पाठवायच्या ॲपवरून स्वतःच्या खात्यात घेऊ नका. त्यांना पावती मिळत नाही आणि हिशेब तुमच्या गळ्यात पडतो. अधिकृत पानावरूनच घ्या.

भारतातल्या नातेवाइकांकडून मागायचे असतील तर दोन गोष्टी आधी सांगा. त्यांच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागतो, नाहीतर व्यवहार नाकारला जातो. शिवाय बँक चलन-बदलाचं शुल्क लावते. आणि परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर भारतीय आयकरातली ८०जीची सवलत मिळत नाही. खरं सांगायचं तर भारतातल्या काकांनी भारतातल्या कॅन्सर रुग्णालयाला थेट दिलेले पैसे जास्त उपयोगाचे. त्यांच्याकडून शुभेच्छा घ्या.

अमेरिकन कराबद्दल: नोंदणी फी देणगी म्हणून धरू नका, तिच्या बदल्यात तुम्हाला खाणं, राहणं, जर्सी मिळते. तुम्ही स्वतः टाकलेले किंवा हमीपोटी कापले गेलेले पैसे देणगीत येतात. खर्चांची यादी न देता स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरावीक वजावट) घेणाऱ्यांना आधी, २०२०-२१ ची छोटी सवलत सोडली तर, याचा फायदा नव्हता. २०२६ पासून मात्र एकट्याला १,००० आणि जोडप्याला मिळून २,००० डॉलरपर्यंतच्या रोख देणगीची वजावट मिळते.

लोक का जातात याचं कारण मला दोन गोष्टींत दिसतं. एक म्हणजे कॅन्सर घरोघरी आहे, आणि दुःखात काहीतरी करायला मिळणं ही मोठी गोष्ट असते. वाटेवर आजारी मुलांचे फोटो लावलेले असतात आणि बरे झालेले रुग्ण स्वतः सायकल चालवत असतात. दुसरं जरा कमी उदात्त: सामान्य माणसासाठी चौकातला पोलीस गाड्या थांबवतो, रस्त्याच्या कडेला लोक घंटा वाजवतात, हे एरवी कुठे मिळतं? शिवाय ऑफिसची टीम असली की नाही म्हणणं अवघड. तुमच्यावरचं दडपण हेच असेल तर वेलस्लीहून निघणारे एका दिवसाचे छोटे मार्ग बघा, त्यांची किमान रक्कम बरीच कमी असते. नाहीतर एक वर्ष स्वयंसेवक म्हणून जा.

जायचं ठरलंच तर दोन दिवसांच्या मार्गावर स्टरब्रिजहून पहिला दिवस सुमारे ११० मैलांचा आहे, सुरुवातीचा भाग चढउतारांचा. २०० ची बीआरएम केलेल्याला अंतर जड नाही. दुसऱ्या दिवशीही चालवायचं असल्यामुळे जूनपासून शनिवार-रविवार लागोपाठ चालवण्याची सवय करा, आदल्या दिवशी १०० आणि दुसऱ्या दिवशी ६०-७० किलोमीटर इतपत. भारतातून आलेल्यांची चूक वेगळ्याच जागी होते. इथे उजवीकडून चालायचं आणि डावीकडून पुढे जायचं, जाताना ‘ऑन युवर लेफ्ट’ असं मोठ्याने म्हणायचं. मागून आवाज आला की आपला हात सवयीने डावीकडे वळवतो, आणि तिथेच टक्कर होते. सायकल उसनी किंवा भाड्याची असेल तर ब्रेक तपासा: भारतात बहुधा उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो, इथे डावा. घाबरून चुकीचा दाबला की माणूस हँडलवरून पुढे.

सायकलची सर्व्हिसिंग दोन आठवडे आधी करून घ्या. आदल्या दिवशी नवी केबल टाकली तर ती बसताना सैल होते आणि गिअर उड्या मारतात. गाडीत किंवा विमानात नेलेल्या सायकलचा डिरेलर हँगर (मागची गिअर बदलणारी यंत्रणा, म्हणजे डिरेलर, जिथे बसते तो तुकडा) वाकलेला नाही ना ते चेन सर्वात मोठ्या मागच्या चक्रीवर टाकून बघा. वाकला असेल तर डिरेलर स्पोकमध्ये अडकतो आणि राइड तिथेच संपते. खिशात दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल आणि चेनच्या स्पीडला जुळणारी एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी). मेकॅनिक असतात, पण गर्दीत तुमचा नंबर यायला वेळ लागतो. ऑगस्टची दमट हवा असते म्हणून तासाला ५०० ते ७५० मिली पाणी, त्यात मीठ, आणि ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. थांब्यांवर खाणं भरपूर असतं; ताट भरून अर्धा तास बसलात की पाय आखडतात. थोडं खा, बाटल्या भरा, निघा. बरीच पडापड थांब्याच्या तोंडाशी होते, कारण पुढचा अचानक ब्रेक लावतो. तिथे शंभर मीटर आधीच वेग कमी करा आणि हाताने खूण द्या.

प्रॉव्हिन्सटाउनहून परतीचा विचार आधीच करा. प्रॉव्हिन्सटाउन ज्याच्या टोकाला आहे त्या केप कॉडचा रस्ता रविवारी दुपारी तुंबलेला असतो. बॉस्टनला फेरी बोट किंवा बस असते, सायकल वेगळी पाठवली जाते, तिकीट नोंदणी फीत धरलेलं नसतं आणि बोटीच्या जागा लवकर संपतात. घरचे न्यायला येणार असतील तर सायकल बसेल एवढी गाडी घेऊन येतील ना, तेही विचारून ठेवा.