डबे बदललेस, आता कामाचे कपडे बघ

अरे बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. मूल हवंय म्हणून घरातले प्लास्टिकचे डबे काढून टाकलेस, बाटली स्टीलची आणलीस, आता शाम्पू पण बदलू का विचारतोयस. बदल ना, सेंटवाल्या बऱ्याच वस्तूंमध्ये थॅलेट्स नावाची रसायनं असतात, हार्मोन्समध्ये ते लुडबुड करतात आणि प्लास्टिकमध्ये गरम काही घालू नये हेही खरंच आहे. पण दिवसभर तू बॅटरीच्या वर्कशॉपमध्ये शिसं वितळवतोस आणि त्याबद्दल अख्ख्या मेसेजमध्ये एक अक्षर नाही, हे मला फार खटकलं.

मी इतकी वर्षं कामगारांच्याच तब्येती बघत आलोय, म्हणून सांगतो, सगळ्यात मोठा डोस बहुतेक वेळा कामावरच मिळतो. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉपला एका कारखान्यात डीबीसीपी नावाचं शेतीचं औषध बनायचं, 1977 ची गोष्ट, तिथल्या पोरांच्या आपापसात बोलताना लक्षात आलं की अरे आपल्यापैकी कुणालाच मूल होत नाहीये, मग तपासण्या झाल्या तर कित्येकांच्या वीर्यात शुक्राणूच नाहीत नाहीतर अगदी थोडे, आणि जो जास्त वर्षं त्या कामावर त्याचं जास्त नुकसान. काम सुटल्यावर काही जण सुधारले, काही नाहीच. अंगाला वरून काहीच जाणवत नव्हतं रे त्यांना, तेच तर वाईट.

शिसं पण तसंच गुपचूप काम करतं. शुक्राणूंची संख्या कमी, हालचाल मंद. शिवाय ते हाडात जाऊन बसतं, वर्षानुवर्षं, आणि बाई गरोदर राहिली की हाडातल्या कॅल्शियमबरोबर तेही सुटून रक्तात येतं आणि नाळेतून बाळाकडे जातं. आता विचार कर, तुझे कामाचे कपडे घरी कोण झटकतं, कोण धुतं? बायकोच ना? म्हणजे वर्कशॉपमध्ये पाय न ठेवता तिच्याही अंगात शिसं चाललंय.

म्हणून कपडे आणि बूट तिथेच बदलायचे, अंघोळीची सोय असेल तर करूनच निघायचं, नसेल तर निदान हात-तोंड साबणाने नीट, आणि हात न धुता जेवण नाही, सिगरेट तर नाहीच. साध्या कापडी मास्कने शिशाचा धूर अडत नाही, मालकाकडे चांगल्या फिल्टरचा मास्क आणि धूर ओढणारा पंखा माग, लाजू नकोस. कोरडा झाडू पण बंद, ओल्याने पुसा.

आणि दोघांची ब्लड लेड टेस्ट करा, साधी रक्ताची तपासणी आहे. 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा वर आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा असं डब्ल्यूएचओ सांगते, आणि त्याच्या खाली आलं म्हणजे सेफ असंही नाही.

वीर्यतपासणी तुझी आधी. मूल होत नाही म्हटलं की सगळे बाईलाच दवाखान्यात नेतात, मला चीड येते त्याची, जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं नाहीतर जोडीला असतंच. रिपोर्ट खराब आला तरी घाबरून जाऊ नकोस, शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे आज केलेला बदल तेव्हा कुठे दिसतो, लगेच पुढच्या आठवड्यात परत टेस्ट करत बसू नकोस. हाडातलं शिसं मात्र एवढ्या लवकर निघत नाही, म्हणून रक्ताची तपासणी मधूनमधून चालू ठेव.

रिपोर्ट आले की पाठव, दोघांचेही, आणि नुसतं "नॉर्मल आहे" लिहू नकोस, आकडा लिही.